रोजची ॲलर्जीची गोळी आणि दातांचा खर्च: हिशेब वेगळा की एकच?

(टोपणनावाने लिहिणाऱ्या चौघांची चर्चा: निरभ्र, तिसरी दाढ, पट्टीवरचा मजकूर, साधा मार्ग)

निरभ्र

ज्यांना वर्षातले काही महिने किंवा वर्षभर शिंका, नाक गळणे, डोळ्यांची खाज यांसाठी रोज गोळी घ्यावी लागते, त्यांच्या खर्चाची चर्चा पट्टीच्या किमतीपाशीच थांबते. माझ्या मते हा हिशेब अर्धा आहे. उरलेला अर्धा दंतवैद्याच्या खुर्चीत चुकता होतो.

कारण सांगतो. क्लोरफेनिरामिन, प्रोमेथाझिन, डायफेनहायड्रामिन, हायड्रॉक्सिझिन ही जुन्या पिढीची औषधे ॲलर्जीची लक्षणे आणणाऱ्या हिस्टामिनला अडवतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. लाळग्रंथींना 'लाळ सोडा' असे सांगणारा ॲसिटिलकोलीनचा निरोपही ती अडवतात. त्यामुळे तोंड कोरडे पडते. काही खाल्ले की दातांवरच्या थरातले जंतू आम्ल तयार करतात आणि पीएच (आम्लतेचे माप; आकडा कमी तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली उतरला की इनॅमलमधले क्षार विरघळू लागतात. लाळ हे आम्ल निवळवते, धुऊन नेते आणि गेलेले कॅल्शियम-फॉस्फेट पुन्हा दातात बसवते. लाळच आटली तर ही दुरुस्ती बंद पडते. मग कीड एरवी लागत नाही अशा जागी लागते: हिरडीलगत, जुन्या फिलिंगच्या कडेला, खालच्या पुढच्या दातांवर. हिरडी सरकून मूळ उघडे पडले असेल तर तिथे याहून सौम्य आम्लही पुरते.

म्हणून माझे दोन आग्रह आहेत. रोज घ्यायची असेल तर जुन्या पिढीची गोळी केवळ स्वस्त म्हणून घेऊ नये. आणि ॲलर्जीची कुठलीही गोळी रोज घेणाऱ्याने दर ६ महिन्यांनी दात तपासून घ्यावेत, तक्रार असो वा नसो.

तिसरी दाढ

पहिला आग्रह पूर्ण मान्य. दुसऱ्याला माझा स्पष्ट विरोध आहे.

'दर ६ महिन्यांनी' हा आकडा सगळ्यांना सरसकट लावण्याला भक्कम आधार नाही. उपचारांचे मार्गदर्शक नियम ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००४ सालीच सांगितले की प्रौढांसाठी दोन तपासण्यांतले अंतर धोक्यानुसार ३ ते २४ महिने ठेवावे. १८ वर्षांखालच्यांसाठी कमाल १२ महिने. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटर्व्हल या ब्रिटिश चाचणीत प्रौढांचे ६ महिने, २४ महिने आणि धोक्यानुसार अंतर असे गट करून ४ वर्षे पाहिले. हिरड्यांतून रक्त येण्याच्या प्रमाणात गटागटांत फरक दिसला नाही. हिरड्या निरोगी असताना ठरल्या वेळी दात साफ करून घेण्याचेही तसेच आहे, दोन-तीन वर्षांत त्याने फारसा फरक पडत नाही.

मग नव्या पिढीचे फेक्सोफेनाडिन घेणाऱ्या, तोंडात भरपूर लाळ असलेल्या आणि गेली काही वर्षे नवी कीड न लागलेल्या माणसाला दर ६ महिन्यांनी कशासाठी पाठवायचे? तोच पैसा चांगल्या औषधावर खर्च झाला तर त्याच्या दातांचेही भले होईल. नाक चोंदलेला माणूस रात्रभर तोंडाने श्वास घेतो. त्याच्या वरच्या पुढच्या हिरड्या वाळून लाल होतात, सुजतात. गोळीच्या भीतीने ॲलर्जी तशीच सोसत राहिलात तर दातांचे नुकसान टळत नाही.

निरभ्र

त्या चाचणीतली एक गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत. २४ महिन्यांच्या गटात जायला दंतवैद्यानेच 'याचा धोका कमी आहे' असे ठरवलेले असावे लागत होते. कोरडे तोंड असलेला माणूस त्या गटात बसणार नाही. आणि आपले तोंड कोरडे आहे हे पुष्कळांना कळतच नाही, कारण लाळ हळूहळू कमी होते आणि सवय लागते. नव्या पिढीच्या गोळ्याही पूर्ण निर्दोष नाहीत. सेटिरिझिनच्या माहितीपत्रकात तोंड कोरडे पडणे हा परिणाम नोंदवलेला असतो.

तिसरी दाढ

कळत नाही म्हणता, तर कळून घेण्याचे मार्ग आहेत. कोरडा घास पाण्याशिवाय गिळता येतो का? रात्री तहानेने जाग येते का? बोलताना जीभ टाळूला चिकटते का? याहून नेमके हवे असेल तर खाल्ल्यावर किमान तासभर थांबून शांत बसावे, मान थोडी पुढे झुकवावी आणि ५ मिनिटे लाळ आपोआप एका छोट्या मापात गळू द्यावी, चघळू किंवा चोखू नये. मिनिटाला ०.१ मिलीलीटरपेक्षा कमी, म्हणजे ५ मिनिटांत अर्ध्या मिलीलीटरहून कमी जमली तर लाळ खरोखर कमी आहे. अशा माणसाने ६ काय, ३ महिन्यांनी जावे, माझी हरकत नाही. वरचेवर जाण्याचा निर्णय लाळ, जुनी कीड आणि हिरड्या पाहून घ्यावा. पट्टीवरच्या नावावरून तो घेता येत नाही.

पट्टीवरचा मजकूर

तुम्ही दोघेही गोळी गृहीत धरूनच बोलताय. मुख्य त्रास नाकाचा आणि तोही रोजचा असेल, तर पहिला पर्याय नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे हा आहे: फ्लुटिकासोन, मोमेटासोन किंवा ब्युडेसोनाइड. चोंदलेल्या नाकावर तो गोळीपेक्षा चांगले काम करतो आणि लाळ आटवत नाही.

बाटली महाग वाटते, कारण पैसे एकदम जातात. दिवसाचा हिशेब करा. १२० फवाऱ्यांची बाटली प्रत्येक नाकपुडीत दोन या प्रमाणे दिवसाला ४ फवारे धरून ३० दिवस पुरते. त्रास आटोक्यात आल्यावर डॉक्टर एकेका फवाऱ्यावर आणतात, तेव्हा तीच बाटली ६० दिवस जाते. पट्टीची किंमतही अशीच दिवसावर आणून मग तुलना करा.

गोळ्यांत पैसा खरा वाया जातो तो मिश्रणांत. सर्दीच्या तयार गोळीत क्लोरफेनिरामिन, फेनिलेफ्रिन आणि पॅरासिटामॉल एकत्र असतात. ताप नाही, अंगदुखी नाही, मग पॅरासिटामॉल कशाला? तोंडावाटे घेतलेले फेनिलेफ्रिन नाक मोकळे करत नाही, असा कौल अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये एकमताने दिला. म्हणजे तिघांचे पैसे मोजून पदरात पडते ते एकच, आणि तेही नेमके झोप आणणारे, तोंड सुकवणारे. लेव्होसेटिरिझिनसोबत माँटेलुकास्ट असलेली जोडगोळीही अशीच विचार न करता घेतली जाते. मनोवस्थेवरच्या परिणामांमुळे त्याच नियामकाने मार्च २०२० मध्ये माँटेलुकास्टला सर्वांत कडक इशारा जोडला आणि साध्या नाकाच्या ॲलर्जीत दुसरे काही चालत नसेल तरच ते द्यावे असे सांगितले. दम्यासाठी ते लिहून दिले असेल तर मात्र स्वतःहून थांबवू नये.

नवे नाव दिसले की नवे औषध आहे असेही समजू नका. सेटिरिझिन हायड्रॉक्सिझिनपासून शरीरातच तयार होते आणि लेव्होसेटिरिझिन हा सेटिरिझिनचाच काम करणारा अर्धा भाग. म्हणून एकाची मात्रा १० मिलिग्रॅम आणि दुसऱ्याची ५. डेसलोराटाडिनही असेच लोराटाडिनपासून शरीरात तयार होते. जास्त किंमत देण्याआधी मागची बाजू वाचून घटक पाहावा.

साधा मार्ग

स्प्रेचा एवढा पुरस्कार मला पटत नाही. गोळी तासाभरात काम करू लागते. स्प्रेला साधारण १२ तास लागतात आणि पूर्ण परिणामाला एक-दोन आठवडे. लोक चौथ्या दिवशी 'उपयोग नाही' म्हणून बाटली फडताळात ठेवतात आणि पुन्हा गोळी आणतात, म्हणजे दोन्ही खर्च. कुणाच्या नाकातून रक्त येते. अंगावर गांधी उठत असतील तर स्प्रेचा काहीच उपयोग नाही. आणि ज्याला महिन्यातून दोनदाच शिंकांचा झटका येतो त्याला हवी तेव्हा एक गोळी हाच स्वस्त आणि योग्य उपाय आहे. अशा माणसाला दातांची भीती घालणे मला बरोबर वाटत नाही.

पट्टीवरचा मजकूर

गांधी आणि कधीमधीच्या त्रासाबद्दल तुमचे म्हणणे बरोबर आहे, तिथे गोळीच.

रक्त येते ते बहुतेक वेळा मारण्याची पद्धत चुकल्यामुळे. फवारा नाकाच्या मधल्या पडद्यावर बसला की तो वाळतो आणि खपली धरतो. नवी बाटली हलवून बारीक तुषार येईपर्यंत हवेत दाबावी. नाक शिंकरून घ्यावे. मान मागे टाकू नये, किंचित पुढे झुकवावी. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारावा, म्हणजे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेला वळते. फवारताना हलका श्वास घ्यावा. जोरात ओढला की औषध थेट घशात उतरते, चव कडू लागते आणि नाकात काहीच राहत नाही. टोक आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने धुवावे.

झायलोमेटाझोलिन आणि ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब हे वेगळेच औषध आहे. ते मिनिटांत नाक मोकळे करतात, स्वस्तही असतात, पण ३ ते ५ दिवसांपलीकडे वापरले तर नाक उलटून जास्त चोंदते आणि माणूस थेंबांत अडकतो.

निरभ्र

वरच्या दाढांचा विषयही याच हिशेबातला आहे. वरच्या दाढांची मुळे गालामागच्या हाडातल्या सायनस या पोकळीच्या तळाला लागून असतात. ॲलर्जीने सायनस सुजला की दाढा दुखतात आणि लोक थेट रूट कॅनालची तारीख घेऊन मोकळे होतात. सायनसचे दुखणे सहसा एकाच बाजूच्या दोन-तीन दाढांत पसरलेले असते. खाली वाकले, जिना उतरताना हादरे बसले की वाढते. एकच दाढ बोट ठेवून दाखवता येते, थंड लागताच कळ येते आणि थांबत नाही, तर तिथे दातच पाहायला हवा.

तिसरी दाढ

सहमत, आणि याची उलट बाजूही ध्यानात असू द्या. एकाच नाकपुडीतून दुर्गंधी येणारा घट्ट स्राव येत असेल आणि ॲलर्जीच्या औषधांनी हलत नसेल, तर वरच्या दाढेच्या मुळातला पू सायनसमध्ये उतरलेला असू शकतो. ॲलर्जी सहसा दोन्ही बाजूंना त्रास देते. अशा वेळी दाताचा एक्स-रे काढायला कंजुषी करू नये. महिनोन्‌महिने स्प्रे आणि प्रतिजैविके घेण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

तपासणी किती महिन्यांनी यावर आपले जमणार नाही, पण गेल्यावर काय सांगायचे यावर जमेल. रोजच्या सगळ्या गोळ्या, स्प्रे, इन्हेलर यांची नावे सांगा. दमा आणि नाकात मांसाचे कोंब (पॉलिप) असतील, किंवा ॲस्पिरिनने कधी धाप लागली असेल, तर ते आवर्जून सांगा. दात काढल्यावर दिले जाणारे आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक अशा माणसाला धोक्याचे ठरू शकते. भुलीच्या इंजेक्शननंतर छातीत धडधडले म्हणून 'मला भुलीची ॲलर्जी आहे' असे नोंदवू नका. ती धडधड बहुधा त्यातल्या ॲड्रेनॅलिनची असते. लिग्नोकेन या भुलीच्या औषधाची खरी ॲलर्जी फार दुर्मीळ आहे आणि एकदा तशी नोंद झाली की पुढची प्रत्येक भेट अवघड आणि महाग होते. अंगावर गांधी, ओठांना सूज, धाप असे झाले असेल तर मात्र ते नेमके कधी आणि किती वेळात झाले हे सांगून तपासणी करून घ्यावी.

साधा मार्ग

लहान मुलांचे राहिले. ॲलर्जीची पातळ औषधे बहुधा गोड असतात आणि झोपताना, दात घासून झाल्यावर दिली जातात. रात्री लाळ मुळातच कमी, त्यात जुन्या पिढीचे औषध, वर साखर. दंतवैद्याकडे जाण्याआधी एवढा क्रम बदला: आधी औषध, मग दात घासणे. साखर नसलेला प्रकार मिळतो का, विचारा. पेस्ट ३ वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, ३ ते ६ वर्षांत वाटाण्याएवढी. यासाठी जास्तीचा खर्च शून्य.

निरभ्र

क्रमाचा मुद्दा मोठ्यांनाही लागू आहे. झोपण्याआधी शेवटचे काम दात घासणे, पेस्ट १,४५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) आसपास फ्लोराइडची, घासल्यावर फक्त थुंकायचे, चूळ भरायची नाही; चूळ भरली की दातांवर राहायला हवे ते फ्लोराइड वाहून जाते. खरोखर कोरडे तोंड असेल तर दंतवैद्य ५,००० पीपीएमची पेस्ट लिहून देतात आणि २२,६०० पीपीएमचा वॉर्निश (फ्लोराइडचा लेप) दातांवर लावतात. तोंड ओले राहावे म्हणून आंबट-गोड गोळ्या चघळू नयेत, साखर आणि आम्ल दोन्ही एकदमच दातांवर बसतात. झायलिटॉलचे बिनसाखरेचे च्युइंगगम जेवणानंतर १० ते २० मिनिटे चघळले तर चालते.

वॉर्निश घरी लावता येत नाही, तिसरी दाढ. म्हणून मी अजूनही ६ महिन्यांवर ठाम आहे.

तिसरी दाढ

कोरड्या तोंडाच्या माणसासाठी असाल तर मीही तुमच्यासोबत आहे. सरसकट सगळ्यांसाठी नाही.

पट्टीवरचा मजकूर

गोळी सोडून स्प्रेवर जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. ॲलर्जीचा हंगाम ठरलेला असेल तर डॉक्टरांना विचारून स्प्रे एक-दोन आठवडे आधीच सुरू करावा आणि त्याचा जोर येईपर्यंत गोळी चालू ठेवावी. सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन अनेक महिने रोज घेऊन एकदम थांबवल्यावर क्वचित काहींना काही दिवसांत अंगभर तीव्र खाज सुटते; अमेरिकेच्या नियामकाने मे २०२५ मध्ये याचा इशारा दिला आहे. ती खाज म्हणजे जुनी ॲलर्जी परत आली असे समजून नव्या तपासण्यांवर पैसे घालू नका, आधी डॉक्टरांना थांबवल्याची तारीख सांगा. त्वचेवर टोचून करायची ॲलर्जीची चाचणी ठरली असेल तर गोळी साधारण आठवडाभर आधी बंद असावी लागते, नाहीतर निकाल खोटा 'नाही' येतो आणि चाचणीचा खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो. गोळी थांबवणे शक्यच नसेल तर रक्तातील आयजीईची (ॲलर्जीत तयार होणाऱ्या प्रतिद्रव्याची) तपासणी मागावी, तिच्यावर गोळीचा परिणाम होत नाही.