प्रीॲम्पचे व्हॉल्व्ह बदलू, की प्रीॲम्पच?

तानपुरा_सुटा
मंडळी, सल्ला द्या. दोन वर्षांपूर्वी बाहेरून मागवलेला व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचा, प्रीॲम्प (पॉवर ॲम्पच्या आधीचा डबा) घरी आहे. आत दोन ईसीसी८२, म्हणजे अमेरिकन नावाने १२एयू७. पुढे स्पीकर वाजवणारा ट्रान्झिस्टरचा पॉवर ॲम्प. गळा सुरेख लागतो, पण तबल्याच्या कडेवरची चाट कानात टोचते आणि डग्गा कुठे दडी मारून बसतो कळत नाही. लॅमिंग्टन रोडवर एकाकडे मुलार्ड कंपनीचे जुने ईसीसी८२ आहेत, जोडीचे १४,००० सांगतोय. "लावून बघा, घुमारा आलाच समजा," म्हणाला. की त्यात थोडी भर घालून नवा प्रीॲम्पच घेऊ? आणि ईसीसी८३ लावले तर? पाय तेच असतात म्हणे.

मॅजिकआय
डोळे झाकून मुलार्ड घ्या. इंग्लंडात ब्लॅकबर्नच्या कारखान्यात बनलेला मुलार्ड आणि आजच्या नव्या खोक्यातला मुलार्ड यांत फक्त नाव सारखं. नवा माल रशियात सारातोव्हला बनतो. जुना ओळखायचा तर काचेवर खाली दोन ओळींचा फिकट कोड बघा, ब्लॅकबर्नच्या मालावर दुसरी ओळ बी या अक्षराने सुरू होते. छापलेलं नाव अंगठ्याने पुसलं जातं, कोड सहसा टिकतो. माझ्याकडे आधी स्लोव्हाकियाच्या जेजे कंपनीचे होते. मुलार्ड लावले त्या रात्री रोजचाच आलाप ऐकताना हातातला चहा गार झाला, एवढं सांगतो.

ओममीटर
असहमत, आणि जोरात.

व्हॉल्व्ह आणि पॉवर ॲम्प यांच्यामध्ये एक कपॅसिटर असतो. तो डीसी अडवतो, गाणं पुढे सोडतो. पण तो आणि पुढच्या ॲम्पचा इनपुट रोध मिळून खालचे सूर कापतात. जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्पचा रोध मोठा असे, तिथे लहान कपॅसिटर खपून जायचा. ट्रान्झिस्टरचे बरेच ॲम्प १० किलोओहमचे. कपॅसिटर ०.२२ मायक्रोफॅरडचा धरा: ७२ हर्ट्झलाच आवाज ३ डेसिबलने पडतो, त्याखाली घसरगुंडीच. म्हणजे डग्गा राहतो त्याच गल्लीत नाकाबंदी. तिथे १ मायक्रोफॅरडचा टाकला की हीच हद्द १६ हर्ट्झवर जाते.

१४,००० चा मुलार्डसुद्धा त्याच कपॅसिटरमधून जाणार ना? माझ्या बाबांचं पुण्यात तपकीर गल्लीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक यायचं ते "व्हॉल्व्ह गेलाय" म्हणतच. बाबा आधी कपॅसिटर बघायचे.

घरचा_अहेर
ईसीसी८३ मनातून काढून टाका. पाय तेच, पण त्याचं वर्धन १००, ईसीसी८२चं १७ च्या आसपास. सीडी प्लेअर आधीच २ व्होल्ट देतो. नॉब जरा हलवला की शेजारी दारात. ईसीसी८८ तर मुळीच नको, त्याच्या हीटरची (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेची) जोडणीच वेगळी.

शिवाय डब्याच्या मागे २२० व्होल्ट लिहिलंय का बघा. आमच्याकडे रात्री २४५ येतात. तसल्या विजेवर ६.३ व्होल्टचा हीटर थेट ७ वर जातो. त्या भट्टीत जुना मुलार्ड घालणं म्हणजे पैठणी नेसून भांडी घासणं.

मॅजिकआय
ओममीटर ताई, हिशेब मान्य. कपॅसिटर बघायलाच हवा. पण सगळंच मोजपट्टीने? तानपुऱ्याची जवारी, तारेचा तो गुंजारव, कोण मीटर लावून काढतं? दोरा सरकवायचा, कान लावायचा, पुन्हा सरकवायचा. चांगल्या व्हॉल्व्हवर सुराभोवती जी आस, म्हणजे रेंगाळणारी गुंज, उरते, ती तुमच्या मायक्रोफॅरडात कुठे बसते?

बजेटचा प्रश्न असेल तर आपल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही १९६१ पासून बंगळुरूला रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले होते. जुन्या बाजारात त्यांचं न फोडलेलं खोकं दिसलं आणि नंबर जुळला, तर घासाघीस न करता उचला.

ओममीटर
जवारी तानपुऱ्याला असू दे की! ती रेकॉर्डिंगमध्ये आलेलीच आहे. तुमच्या डब्याने आणखी एक कशाला काढायची? व्हॉल्व्हचा गोडवा म्हणजे बहुतांशी दुसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे दुप्पट कंपनसंख्येच्या सुराची, भर. मलाही आवडते, पण तिला अस्सलपणा म्हणू नका. शिवाय दोन व्हॉल्व्हांच्या वर्धनात जरासा फरक असला तरी मोठा वाजणारा छान वाटतो. आवाजाची पातळी मीटरने सारखी करा, मग बोलू.

नवाच घ्यायचा झाला तर शेवटच्या टप्प्यात कॅथोड फॉलोअर (आउटपुटचा रोध कमी ठेवणारी व्हॉल्व्हची जोडणी) आहे का ते विचारा. आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे आउटपुटचा रोध, तुमच्या पॉवर ॲम्पच्या इनपुट रोधाच्या दहाव्या हिश्शाच्या आत हवा, म्हणजे १० किलोओहमला १ किलोओहम किंवा कमी. विक्रेत्याला आकडा सांगता आला नाही, तर खोका तिथेच ठेवून या. आणि व्हॉल्व्हखाली नारिंगी एलईडी लावून ऊब विकणारे डबे असतात, त्यांना लांबूनच नमस्कार.

तानपुरा_सुटा
तीन आठवड्यांनी हजर. मी स्वतः हात घातला नाही. आत अडीचशे व्होल्ट असतात आणि बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये दबा धरून बसतात. ओळखीच्या कारागिराकडून उघडून घेतला. आउटपुटला खरंच ०.२२! पॉवर ॲम्पच्या माहितीपत्रकात १० किलोओहम. ४०० व्होल्टचे १ मायक्रोफॅरडचे फिल्म कपॅसिटर, मजुरीसकट ६५० रुपये. डग्गा घरी परतला. आता सुरू करताना स्पीकरमध्ये धप्प होतं, म्हणून आधी प्रीॲम्प, मिनिटभराने पॉवर ॲम्प. बंद करताना उलट.

चाट मात्र अजून थोडी टोचते. मॅजिकआय यांनी मोठ्या मनाने आपली मुलार्डची जोडी उसनी दिली. मी भिंतीकडे तोंड करून बसलो, बायको व्हॉल्व्ह बदलत होती. पाच फेऱ्या. तिसऱ्या फेरीला मी म्हणालो, "हां, आता आस आली." ती हसतच सुटली. तिने नुसतं झाकण वाजवलं होतं, व्हॉल्व्ह बदललेच नव्हते.

मॅजिकआय
ही कसली परीक्षा? व्हॉल्व्ह गार व्हायला, बदलायला, पुन्हा तापायला पाच-सात मिनिटं जातात. तेवढ्यात कान विसरतो. दोन आठवडे ठेवा, मग काढा, आणि काढल्यावर काय वाटतं ते लिहा. जोडी परत करायची घाई नाही.

ओममीटर
पाच मिनिटांत कान विसरतो, तर जेजे काढून मुलार्ड लावले त्या रात्री तुम्हाला नेमकं काय आठवत होतं?

मॅजिकआय
चहा.