आजीचा नेम

काल माळा आवरताना आजीची पत्र्याची ट्रंक सापडली. आत फुलवाती! शंभराशंभराच्या पुड्या, वर्तमानपत्राच्या कागदात, प्रत्येकीवर तिच्या वाकड्या अक्षरात आकडा. लाख वाती लावायच्या होत्या, शेवटची पुडी ६१२ नंबरची.

आजी ९३ वर्षं जगली. दुपारी कधी आडवी झाली नाही. कापसातली सरकी काढायची, बोटाला दूध लावून वातीचा देठ वळायची. चातुर्मासात घरात कांदा नाही म्हणजे नाही. पण दादा टायफॉइडमधून उठला आणि भर श्रावणात कांद्याचं थालीपीठ मागू लागला, तर हीच शेजारून कांदा घेऊन आली, मागच्या दारी चूल मांडून थापलं. मग आंघोळ करून पुन्हा वातींना बसली. "देवाला काय सांगितलंस?" तर म्हणे, "सांगायचं काय त्यात? वास गेलाच असेल की."

तुमच्या आज्या, पणज्यांचं लिहा ना.

---

थालीपीठ 😋 आमच्याकडे कांदेनवमीला आजी भजी, झुणका, भरली वांगी सगळं एकाच दिवशी करायची. चार महिन्यांची बेगमी! दुसऱ्या दिवशी सगळ्यांची पोटं बिघडलेली.

---

माझी आजी वारीला जायची. दिवे घाटात तरण्या पोरांना मागे टाकायची. २०२० ला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या तेव्हा ती नव्वदीची. टीव्हीसमोर बसून म्हणाली, "माउलीचं तिकीट अर्धं का पुरं?" आम्ही हसलो. मग दिवसभर गप्प. संध्याकाळी बघतो तर हरिपाठ म्हणत तुळशीभोवती फिरतेय, चपला बाजूला काढून.

---

नंतर लिहिते, कुकर लावलाय.

---

आमच्या मायनं ७२ च्या दुष्काळात खडी फोडली. कामावर सुकडी मिळायची ती पदरात बांधून लेकरांसाठी घरी आणायची. "तू खा की" म्हणलं की, "आज एकादस हाय मला." एकादशी महिन्याला दोन, मायच्या आठ-आठ निघायच्या. आम्हाला कळायला लई वर्षं गेली.

---

🙏 यानंतर खाली वाचवेना.

---

नागपूरकर. आजी गजानन विजयचे २१ अध्याय एका बैठकीत वाचायची. दारात कोणी आलं की पोथी माझ्या हाती, "तू वाच, मी पोळ्या टाकून येते." मी कॉन्व्हेंटवाला. एका ओवीला दोन मिनिटं! आतून ओरडायची, "अबे, महाराज झोपले ना तुझं ऐकून!"

---

फुलवातीला दूध? आमच्याकडे भस्म. दुधाने पिवळ्या पडतात.

---

पडल्यात पिवळ्या 🙂

---

पुण्यात गावरान कापूस कुठे मिळेल?

---

तुळशीबागेत बघा.

---

कुकर झाला. माझी आजी काही सायीसारखी वगैरे नव्हती. आईला तीन दिवस बाहेर बसवायची, त्याचा राग माझ्या मनात अजून आहे. त्याच तीन दिवसांत रात्री जाऊन आईच्या पोटऱ्या चेपून द्यायची आणि मग थंड पाण्याने आंघोळ. आईला विचारलं तर ती नुसती हसते. मला हे गणित सुटलेलं नाही.

---

धागाकर्ती: सगळं वाचतेय, उत्तरं सावकाश देते. आई म्हणतेय उरलेल्या आपण वळू. ३८८ पुड्या! काल रात्री तीन वाती केल्या, तिन्ही आडव्या पडल्या.