नव्या घराच्या जोत्यात कालकुपी (टाइम कॅप्सूल) पुरायची आहे, काय ठेवू?

गावचं घर उतरवून नवं बांधतोय, पुढच्या महिन्यात जोतं भरेल. आईची मसाल्यांची वही आणि तिच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्यांचा पेन ड्राइव्ह पणतवंडांसाठी ठेवायचाय. स्टीलचा डबा पुरेल?

— दादा, जमिनीत नका पुरू. अमेरिकेत टल्साला १९५७ साली नवी कोरी प्लिमथ गाडी काँक्रीटच्या कोठीत पुरली होती. २००७ मध्ये उघडली तर आत पाणी, गाडी गंजलेली. आपला पाऊस तर ठाऊकच आहे. भिंतीत कोनाडा ठेवा.

— पेन ड्राइव्हवर अजिबात विसंबू नका. १९७७ च्या व्हॉयेजर अंतराळयानांवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर. सोबत सुई दिलीय आणि आवरणावर वाजवायची पद्धत कोरलीय! तुम्ही ओव्या चांगल्या कागदावर पेन्सिलीनं लिहा, शिसं फिकं पडत नाही. टाचण्या, रबरबँड, सेलोटेप नको.

— आभार, ताई. काल रात्री आईसमोर बसलो. वहीच्या हळद लागलेल्या पानावर तिनं मिरच्यांचं माप 'आजीची मूठ' असं लिहिलंय. ती मूठ वजनकाट्यावर तोलून घेतली. ओव्या सतरा झाल्या, अजून आठवतायत तिला.