मदत हवी आहे: फूटरमधली माझी लिंक लॉक कशी करू?

फूटरग्रस्त: लवकर मदत हवी. एका होमस्टेची साइट करून दिली होती, खाली माझी लिंक. काल सहज उघडली तर माझं नाव गायब आणि तिथे भलत्याच कोणाचं! काढताच येणार नाही असं काही करता येतं का? कोड असेल तर टाका, लेक्चर नको.

सर्व्हरकाका: वर्डप्रेस की हाताने लिहिलेली? होस्टिंग कोणाचं? ॲडमिन पासवर्ड?

फूटरग्रस्त: वर्डप्रेसच, अजून काय असणार. होस्टिंग त्यांचं. पासवर्ड दिलाय, द्यावाच लागतो ना.

दोन_कप_जावा: सोप्पंय. फूटरचा कोड बेस-६४ मध्ये, म्हणजे बघून न कळणाऱ्या अक्षरांत गुंडाळ, लिंक सापडली नाही तर पान कोरं. मी तीन साइटींना केलंय.

सर्व्हरकाका: याचं ऐकू नकोस. बेस-६४ आणि मजकूर कोड म्हणून चालवणारं इव्हॅल एकत्र दिसले की स्कॅनर मालवेअर म्हणून बोंब मारतात. शिवाय दुसऱ्याची साइट मुद्दाम पाडलीस तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ आहे. आणि फाइल ज्याच्या हातात, त्याला तुझं कुलूप कितीसं जड?

दोन_कप_जावा: काका, मला तरी आजवर कोणी विचारलं नाही.

सर्व्हरकाका: विचारतील.

पाटीवाचक: गवंडी भिंतीवर नाव कोरतो का? पैसे मिळाले, विषय संपला.

छापखानेवाली: लग्नपत्रिकेखाली प्रेसचं नाव असतंच की! आमच्याकडे निम्मी गिऱ्हाइकं ते वाचूनच येतात.

गुहागरकर: केवढ्यात केली साइट? आमच्याही दोन खोल्या आहेत.

काळा_कोट: लेखी करार आहे का? १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५७ खाली कर्त्याला ‘हे माझं’ म्हणायचा हक्क आहे. आणि हक्क लेखी दिले नसतील तर फ्रीलान्सरने लिहिलेला कोड सहसा त्याचाच. पण स्वतः लिहिला तेवढाच. थीम, म्हणजे साइटच्या दिसण्याचा साचा, तुझी का?

फूटरग्रस्त: करार कसला, व्हॉट्सॲपवर ठरलं. लिंकचं बोलणं झालं नव्हतं. थीम फुकटातली. तिच्यावर बेतलेली चाइल्ड थीम केली, रंग बदलले, बुकिंगचा फॉर्म बसवला.

रँकवाला: लिंकचा मजकूर काय होता?

फूटरग्रस्त: ‘बेस्ट वेब डिझायनर पुणे’. सगळ्या पानांवर.

रँकवाला: मग गेली ते बरं झालं. फूटरमधून साइटीसाइटींवर पेरलेल्या असल्या लिंका गूगलच्या नियमांत स्पॅममध्ये मोडतात. नुसतं नाव लिही, लिंकला नोफॉलो लाव, म्हणजे ‘ही रँकसाठी मोजू नको’ अशी गूगलला खूण.

छापखानेवाली: माझा भाचा कोटेशनमध्येच दोन भाव देतो. नाव ठेवलंत तर दोन हजार कमी. नंतर काढलंत तर तेवढं बिल. बहुतेक जण ठेवतात.

सर्व्हरकाका: हे शहाणपणाचं. बरं, त्या फुकटच्या थीमच्या फूटरमध्ये मूळ थीमवाल्याची लिंक असेल ना? ती कुठे गेली?

फूटरग्रस्त: ती मी काढली. ते वेगळं. जीपीएलमध्ये, म्हणजे बदल करू देणाऱ्या परवान्यात, चालतं.

सर्व्हरकाका: चालतं.

फूटरग्रस्त: मग? कोड कोणी देतंय का?