गोल्फ कार्टचा वेग आणि मेलबॉक्सजवळचे वळण
(फ्लोरिडातील आमच्या पंचावन्न वर्षांवरील वसाहतीचा ‘मराठी कट्टा’ ग्रुप)

मालतीताई, सकाळी ६.५०
सर्वांना नमस्कार. काल संध्याकाळी मेलबॉक्सजवळ जे घडले ते लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. हे वॉकर घेऊन पत्रे आणायला गेले होते. स्प्रिंकलर नुकतेच बंद झाल्यामुळे रस्ता ओला होता. क्लबहाऊसच्या बाजूने एक कार्ट इतक्या वेगाने वळणावर आली की तिचा आरसा ह्यांच्या कोपराला घासून गेला. हातातली पत्रे ओल्या रस्त्यावर पसरली, वॉकरचे पुढचे चाक गवतात रुतले, आणि मेलबॉक्सचा खांब हाताशी होता म्हणूनच हे पडायचे वाचले. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने पडणे म्हणजे काय, हे आपल्या वयात कोणाला समजावून सांगायला नको. कार्टच्या मागच्या बाकावर दोन लहान मुले पाय खाली सोडून बसली होती आणि चालवणारा मुलगा फार तर बारा-तेरा वर्षांचा असावा. थांबणे दूरच, कोणी मागे वळूनही पाहिले नाही.

हेमाताई (अॅडमिन), ७.०५
मालतीताई, वाचून काळजात धस्स झाले. भाऊंची तब्येत आता कशी आहे? कोपर सुजले असेल तर कृपया आजच दाखवून घ्या.

वसंतराव, ७.११
त्या वळणावरचे झुडूप छाटल्याशिवाय काहीही होणार नाही. कार्टमध्ये बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर नेमके ते झुडूप येते, त्यामुळे मेलबॉक्सपाशी उभा असलेला माणूस वळण संपेपर्यंत दिसत नाही. हे मी मागच्या वर्षीही लिहिले होते.

सुधीरराव, ७.४०
आदरणीय मालतीताई, भाऊंना त्रास झाला ह्याचे मलाही मनापासून वाईट वाटते. मात्र आपण नाव न घेता लिहिले असले तरी सध्या कोणाकडे नातवंडे आलेली आहेत हे ह्या ग्रुपवर सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे रोख कोणाकडे आहे हे समजायला वेळ लागला नाही. माझ्या नातवाचे म्हणणे असे आहे की तो नियमाप्रमाणेच जात होता आणि भाऊ अचानक रस्त्यात आले. एकच बाजू ऐकून निर्णय देऊ नये, एवढीच विनंती आहे. शिवाय आपले रस्ते खासगी आहेत, इथे हायवेचे कायदे लागू होत नाहीत.

मालतीताई, ७.४८
वॉकर घेऊन चालणारा माणूस अचानक रस्त्यात येऊ शकत नाही, सुधीरराव.

दिलीपराव, ८.२०
कायद्याचा विषय निघालाच आहे तर तो नीट मांडतो, म्हणजे अंदाजावर वाद व्हायचा नाही. फ्लोरिडाच्या व्याख्येप्रमाणे ताशी २० मैलांपेक्षा जास्त वेगाने जाऊ न शकणारे वाहन म्हणजे गोल्फ कार्ट. जे २० च्या वर पण २५ पर्यंत जाते ते कमी वेगाचे वाहन ह्या वेगळ्या वर्गात मोडते. त्याला नंबरप्लेट, विमा, सीटबेल्ट आणि इंडिकेटर लागतात आणि चालवणाऱ्याकडे ड्रायव्हिंग लायसन्स असावे लागते. कंट्रोलर (मोटरचा वेग ठरवणारे यंत्र) बदलून, मोठी चाके घालून जी कार्ट ३० मैलांवर नेली जाते ती ह्या दोन्ही वर्गांत बसत नाही, आणि तिचा अपघात झाला तर विमा कंपनी सर्वांत आधी नेमका हाच मुद्दा काढण्याची शक्यता आहे. चालकाच्या वयाचे म्हणाल, तर सार्वजनिक रस्त्यावर पूर्वी चौदा वर्षांच्या मुलालाही कार्ट नेता येत असे. १ ऑक्टोबर २०२३ पासून अठरा वर्षांखालील मुलाकडे किमान लर्नर परमिट असणे बंधनकारक झाले. आपले आतले रस्ते खासगी आहेत हे खरे, पण किराणा आणायला आपण सगळेच कार्टने काउंटीचा (म्हणजे जिल्हा प्रशासनाचा) रस्ता ओलांडतो, तेव्हा आपण कायद्याच्या बाहेर नसतो. दारू पिऊन कार्ट चालवणे तर खासगी रस्त्यावरसुद्धा गुन्हाच आहे.

सुधीरराव, ८.३१
माझ्या कार्टच्या कंट्रोलरची एवढी माहिती आपल्याला कुठून मिळाली?

दिलीपराव, ८.३४
मी कोणाच्याही कार्टचा उल्लेख केलेला नाही.

वसंतराव, ८.३६
वेग कितीही कमी केला तरी समोरचा माणूस दिसलाच नाही तर उपयोग काय? झुडूप छाटणे हे पहिले काम आहे.

अरविंदराव, ८.५५
सुप्रभात मंडळी! वातावरण फारच गरम झाले आहे, म्हणून एक चांगली गोष्ट सांगतो. आपल्या शेजारच्या ‘द व्हिलेजेस’ ह्या निवृत्तांच्या मोठ्या वसाहतीत सप्टेंबर २००५ मध्ये ३,३२१ गोल्फ कार्टची मिरवणूक निघाली होती आणि तिची नोंद गिनीज बुकात झाली. तिथे इतक्या कार्ट आहेत, पण म्हणून कोणी घाबरून घरात बसत नाही. यंदा गणपती विसर्जनाला आपणही कार्टची मिरवणूक काढू या. पुढे श्रींची कार्ट, मागे लेझीम. कल्पना कशी वाटते?

सुलभाकाकू, ९.०२
फारच छान कल्पना! श्रींची कार्ट मी फुलांनी सजवीन. पण झेंडू ऑर्लँडोहून आणावा लागेल.

हेमाताई (अॅडमिन), ९.०६
काकू, अरविंदराव, गणपतीची चर्चा आपण अवश्य करू, पण वेगळ्या दिवशी. भाऊंना लागता लागता राहिले आहे आणि मालतीताई हे सर्व वाचत आहेत, ह्याचे भान ठेवू या.

डॉक्टरसाहेब, ९.४०
मी इतकी वर्षे इमर्जन्सी रूममध्ये काम केले आहे, म्हणून थोडे लिहितो. कार्टच्या अपघातात माणसे धडकेपेक्षा पडण्याने जास्त जखमी होतात. अमेरिकेतील १९९० ते २००६ ह्या काळातील आकडेवारीवर एक अभ्यास झाला होता. त्यात कार्टमुळे इमर्जन्सी रूमपर्यंत पोहोचलेल्या जखमींची संख्या सुमारे १ लाख ४८ हजार निघाली, त्यांत जवळजवळ एक तृतीयांश सोळा वर्षांखालील मुले होती, आणि सर्वांत मोठे कारण कार्टमधून पडणे किंवा उडी मारणे हे होते. ह्याचे कारण कार्टच्या घडणीतच आहे. तिला दारे नसतात, बहुतेक कार्टना सीटबेल्ट नसतात, आणि बाकाच्या टोकाला जो कठडा असतो तो कमरेपर्यंतच येतो. चालक डावीकडे बसतो, त्यामुळे त्याने वेगात डावे वळण घेतले की उजवीकडचा माणूस बाहेर फेकला जातो. तो कमरेएवढा कठडा त्याला अडवण्याऐवजी त्याच्यावरूनच उलटवतो, म्हणजे डोके आधी जमिनीवर येते. चालकाच्या हाती स्टिअरिंग असते, शेजारच्याच्या हाती धरायला काहीच नसते. मागच्या उलट्या बाकावरील मुलांचे तर विचारूच नका, कार्टने नुसता एकदम वेग घेतला तरी ती थेट रस्त्यावर येतात. माझ्या मनातली काळजी भाऊंइतकीच त्या मागच्या दोन मुलांचीही आहे. सुधीरराव, हे मी दोषारोप म्हणून लिहीत नाही. ती आपल्या सर्वांचीच नातवंडे आहेत.

सुधीरराव, ९.५८
धन्यवाद, डॉक्टरसाहेब. आपण ज्या शब्दांत लिहिले त्या शब्दांत सुरुवात झाली असती तर मलाही बरे वाटले असते.

मालतीताई, १०.०३
सुरुवात माझ्या घरातून झाली आहे, आणि मी कोणाचेही नाव घेतले नव्हते.

सुलभाकाकू, १०.२५
मला थोडे वेगळे सांगायचे आहे आणि त्याचा राग मानू नये. डोळ्यांमुळे मी मोटार चालवणे सोडले. लायसन्सच्या नूतनीकरणाला जाऊन दृष्टीची परीक्षा देण्याचा धीर मला आता होत नाही. मुलगा कॅलिफोर्नियात, मुलगी न्यू जर्सीत. पूलवर जायचे, औषधे आणायची, शनिवारी भजनाला यायचे, हे सारे मी कार्टवर करते आणि दहा-बारा मैलांच्या वर कधी जात नाही. ह्या ग्रुपवर कार्टची तक्रार निघाली की माझ्या पोटात गोळा येतो, कारण नियम कडक करा असे सगळे म्हणतात आणि शेवटी तो नियम माझ्यासारख्यांवरच येऊन बसतो. ज्यांच्याकडे दोन-दोन मोटारी आहेत त्यांना कार्ट गेल्याचे दुःख होणार नाही. माझी कार्ट गेली तर मी घरात अडकेन.

दिलीपराव, १०.५०
काकू, आपली भीती अगदी खरी आहे, आणि तिच्यामुळेच मी ह्या विषयावर आग्रहाने लिहितो. निवृत्तांच्या वसाहतीत गोल्फ कार्ट चालवण्याची मुभा फ्लोरिडाने कायद्यात स्वतंत्र कलम घालून दिलेली आहे, पण सुरक्षिततेसाठी आपल्या अखत्यारीतील रस्त्यावर कार्टना बंदी करण्याचा अधिकारही काउंटीला आहे. उद्या काउंटीच्या रस्त्यावरील आपल्या क्रॉसिंगवर एखादा गंभीर अपघात झाला आणि काउंटीने ते कार्टसाठी बंद केले, तर ज्याने कंट्रोलर बदलला त्याचे काही अडणार नाही, अडेल ते आपले. सुक्याबरोबर ओलेही जळते. म्हणून कार्टवर ज्यांचे जीवन अवलंबून आहे त्यांनीच वेगमर्यादेची मागणी सर्वांत मोठ्या आवाजात केली पाहिजे. प्रौढांना कार्टसाठी लायसन्स लागत नाही, सरकारी फोटो ओळखपत्र पुरते. त्यात बदल मागण्याचा कोणाचाही विचार नाही.

वेगाचा हिशेबही एकदा पाहून घ्या. ताशी २० मैलांवर कार्ट सेकंदाला सुमारे २९ फूट जाते आणि ३० मैलांवर ४४ फूट. वेग दीडपट होतो, पण धडकेतील ऊर्जा सव्वादोन पट होते. बऱ्याच कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, कारण त्या मैदानावर सावकाश फिरण्यासाठी बनवलेल्या आहेत. ओल्या रस्त्यावर, मागे दोन मुले बसलेली असताना, हे ब्रेक ती कार्ट किती अंतरात थांबवणार?

वसंतराव, १०.५४
आणि समोर झुडूप असताना?

अरविंदराव, ११.१०
वसंतराव, झुडपाचा मुद्दा सर्वांपर्यंत पोहोचला आहे.

वसंतराव, ११.१२
पोहोचला असता तर ते एव्हाना छाटले गेले असते. मागच्या वर्षी ‘पाहू’ असे उत्तर मिळाले होते. तेव्हाच्या समितीवर आपणही होता, अरविंदराव, म्हणून आपल्यालाच सांगतो.

अरविंदराव, ११.१५
त्या समितीवर मी फक्त सांस्कृतिक कार्यक्रम पाहत होतो.

हेमाताई (अॅडमिन), ११.२०
जुने हिशेब आज नकोत, ही हात जोडून विनंती. दिलीपराव, गुरुवारच्या एच.ओ.ए.च्या (वसाहतीच्या घरमालक संघटनेच्या) बैठकीत आपण नेमके काय मागू शकतो ते कृपया एकदा लिहा, म्हणजे सर्वांच्या सह्यांचे एकच पत्र देता येईल. मागच्या वेळी आपण दहाजण दहा गोष्टी बोललो आणि बोर्डाने चहा पाजून घरी पाठवले.

दिलीपराव, १२.०५
फक्त दंडाची मागणी करून भागणार नाही. कायद्याप्रमाणे एच.ओ.ए.ला सर्वसाधारणपणे एका उल्लंघनास १०० डॉलरपर्यंत दंड करता येतो, आणि त्यासाठी १४ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, तसेच बोर्डाबाहेरील किमान तीन सभासदांच्या समितीपुढे सुनावणी घ्यावी लागते. नातवंडे सुट्टी संपवून परत गेल्यावर ती सुनावणी होणार, तिचा कोणाला काय धाक? त्यापेक्षा खासगी रस्त्यांवर वाहतुकीचे नियम लागू करण्यासाठी एच.ओ.ए.ने काउंटीशी लेखी करार करावा, अशी मागणी करू. तशी तरतूद राज्याच्या कायद्यात आहे. करार झाला की शेरीफचे (काउंटीच्या पोलिसांचे) अधिकारी आतही दंडाचे तिकीट देऊ शकतात. त्याचा खर्च एच.ओ.ए.ला सोसावा लागतो, आणि तो आपल्याच वर्गणीतून जाईल, हे मी आधीच स्पष्ट सांगतो. दुसरी मागणी अशी की, ज्यांच्याकडे परवाना किंवा परमिट नाही अशा नातवंडांच्या हाती किल्ली देऊ नये, हा आपल्या आतल्या रस्त्यांचाही नियम व्हावा. तिसरी मागणी अशी की, दरवर्षी कार्टचे स्टिकर देताना तिचा वेग तपासावा. डीलरच्या छोट्या यंत्राने कंट्रोलर पाहायला आणि पुन्हा २० च्या आत आणायला फार वेळ लागत नाही. पेट्रोलवर चालणाऱ्या कार्टच्या गव्हर्नरची (वेग रोखणाऱ्या भागाची) तपासणीही त्यातच यावी.

डॉक्टरसाहेब, १२.१४
मागच्या बाकाला पट्टे आणि हातात धरायला दांडी असावी, हेही त्यात घालावे.

सुलभाकाकू, १२.२०
वर्गणी किती वाढेल? नुकतीच वाढली आहे. पण ह्या कराराच्या मागणीवर मी सही करीन. फक्त पत्रात वयस्कर चालकांवर काही नवी अट येणार नाही, हे वाक्य स्पष्ट लिहा.

दिलीपराव, १२.२३
ते पहिल्याच परिच्छेदात लिहितो, काकू.

वसंतराव, १२.२५
आणि झुडूप.

हेमाताई (अॅडमिन), १२.४०
वसंतराव, लँडस्केपिंगचा विनंती अर्ज मी आत्ताच ऑनलाइन भरला आहे, वळणाचा फोटोही जोडला आहे. त्यासाठी बैठकीची वाट पाहण्याची गरज नव्हती. अर्जाचा क्रमांक आपल्याला स्वतंत्र पाठवते, पाठपुरावा आपण करावा.

वसंतराव, १२.४३
आभारी आहे. आज दुपारीच कार्यालयात जाऊन विचारतो.

सुधीरराव, दुपारी २.१०
मी सर्व वाचले. करार आणि वेगाची तपासणी ह्यांना माझा विरोध नाही, माझी कार्टही तपासावी. पण दुसऱ्या मागणीत ‘नातवंडे’ हा शब्द असेल तर मी सही करणार नाही. तो शब्द वाचून बोर्ड आमच्या घराकडेच बोट दाखवील आणि मुले पुढच्या वर्षी येणार नाहीत. ‘अठरा वर्षांखालील चालक’ असे लिहावे.

दिलीपराव, २.१६
कायद्याची भाषाही जवळजवळ तशीच आहे. मला हरकत नाही, पण आधी मालतीताईंचे मत घ्यावे.

मालतीताई, २.३०
ह्यांचे कोपर डॉक्टरांना दाखवले, हाड शाबूत आहे. शब्द बदलावा, माझी काहीही हरकत नाही. मात्र पत्रावर ‘लवकरात लवकर’ असे न लिहिता तारीख लिहावी. सुधीरराव, सहीसाठी मी संध्याकाळी पाच वाजता पत्र घेऊन आपल्याकडे येते, आपण घरी असाल ना?

सुधीरराव, २.३४
असेन. आपण चालत येऊ नका, मी पत्र न्यायला येतो.