रंकाळ्याचं कोवळं ऊन पुरत नाही
एकांनी लिहिलंय की कोल्हापुरात पहाटे रंकाळा तलावाला फेरी आणि गंगावेशीत धारोष्ण दूध असलं की ड जीवनसत्त्व कमी पडत नाही. फेरी जरूर मारा, पण कोवळ्या उन्हात यूव्हीबी किरण (त्वचेत ड बनवणारे अतिनील किरण) जवळजवळ नसतातच. त्वचेत ड बनतं ते साधारण ११ ते २ च्या उन्हात, तेही हातपाय उघडे असतील तर. काचेआडून नाहीच. दुधात कॅल्शियम भरपूर, ड नावापुरतं.

प्रतिकारशक्तीला ड लागतं हे खरं. पण म्हणून मेडिकलातून ६०,००० युनिटची पुडी आणून मनानंच दर आठवड्याला महिनोन्‌महिने घ्यायची नाही. जास्तीचं ड अंगात साठतं, रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मग मळमळ, मुतखडा. आधी रक्त तपासा. आणि प्रतिकारशक्तीलाच लागणाऱ्या झिंकसाठी गोळ्या कशाला? पांढऱ्या रश्श्यात तीळ-खसखस असते की, शिवाय मटण!