मदत हवी आहे: कोठ्यात कारचं गॅरेज करतोय, आधी पाने घेऊ की आधी जमीन करू?

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीकडे आमचं गाव. घरी २०१४ची वॅगनआर आहे, पेट्रोल, १००० सीसी. बैलजोडी विकल्यापासून कोठ्याचे दोन खण रिकामे आहेत. तिथं गाडीची साधी कामं घरीच करायची ठरवली आहेत. ऑइल आणि फिल्टर, एअर फिल्टर, प्लग, चाकांची अदलाबदल, बॅटरी, एवढंच. ब्रेक आणि इंजिनाला मी हात लावणार नाही, ते मिस्त्रीचंच काम.

हे डोक्यात कशानं आलं ते सांगतो. मागच्या वर्षी एका गॅरेजातून ऑइल बदलून आणलं. ड्रेन बोल्ट इतका आवळला होता की त्याचे आटे गेले, आणि ऑइल थेंबथेंब गळत राहिलं. मला पत्ता नाही. त्याच आठवड्यात शेजारच्या पोरीला बाळंतपणासाठी रात्री यवतमाळला नेत होतो, तर वाटेत ऑइलचा लाल दिवा लागला. गाडीत ऑइलचा डबा होता म्हणून पोहोचलो. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. आमच्या गल्लीत चारचाकी एवढी एकच. रात्री-बेरात्री कोणालाही न्यायचं तर हीच निघते, म्हणून ती ठणठणीत असलीच पाहिजे.

ट्रॅक्टरमुळे ग्रीस गन, पक्कड, हातोडी आणि मोठे पाने घरात आहेत. पण कारला ८, १०, १२, १४, १७, १९ असे बारीक नंबर लागतात. त्यासाठी अर्धा इंची गोटी पान्यांचा सेट, रॅचेट, लांब एक्स्टेन्शन, प्लग पाना आणि फिल्टर पाना एवढं लिहून काढलं आहे. नाशिकच्या टपारियाचे पाने वडिलांच्या काळापासून वापरतोय, तेच घेईन. टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानंच बोल्ट आवळायचा पाना) मात्र कधी हातात धरला नाही. बोल्टाचा अनुभव घेतल्यावर तो हवाच असं वाटतं. की नुसत्या हाताच्या अंदाजानं भागतं?

खरी अडचण जमिनीची आहे. कोठ्यात खाली काळी माती, वरून शेणानं सारवलेली. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर चाक बदलायला जॅक लावला. खाली फळी होती, तरी जॅक एका बाजूनं रुतला, तिरपा झाला आणि गाडी घसरून खाली आली. चाकाचे नट तेव्हा नुसते ढिले केले होते, चाक काढलं नव्हतं, म्हणून निभावलं. माझा बारा वर्षांचा मुलगा टॉमी (लोखंडी दांडी) हातात घेऊन शेजारीच बसला होता. त्या दिवसापासून मी जॅक काढलेला नाही.

गाडी साधारण नऊ क्विंटलची. बजेट सध्या १५,००० रुपये, कापूस विकला की आणखी थोडे. ट्रॉली जॅक आणि दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) घेऊ, की सर्व्हिसिंग सेंटरसारखा खड्डा खणू? खड्ड्यात निदान वरून पडायला काही नाही, असं भाऊ म्हणतो. आणि हवेसाठी कॉम्प्रेसर घ्यावा का? आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज इतकं उतरतं की पंखासुद्धा रखडतो. जुन्या ऑइलचं काय करता तेही सांगा. गावात खांबांना वाळवीसाठी फासतात, पण आमची विहीर कोठ्याला लागून आहे.

प्रतिसाद

दादा, पोराला काही झालं नाही हे वाचून जीव भांड्यात पडला. मी हिंगणघाटकडचा, वीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्ती करतो. पाने नंतर, जमीन आधी.

खड्डा अजिबात नको. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, खड्ड्याच्या भिंती ढकलते. पाणी पाझरतं ते वेगळंच. त्याहून वाईट म्हणजे पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचते. एक ठिणगी पुरे.

त्यापेक्षा गाडी उभी राहील तेवढी जागा दीड-दोन फूट उकरा, काळी माती बाहेर काढा, मुरूम भरून पाणी मारत थराथरानं धुम्मस करा आणि वर काँक्रीट टाका. सपाट, उतार नको. पावसाआधी उरका. मुरूम-गिट्टीत बजेट बरंचसं जाईल, जाऊ द्या.

मग ट्रॉली जॅक आणि घोड्या. जॅक फक्त उचलायला, गाडी तोलायला घोडी. हायड्रॉलिक जॅकचं सील कधी जाईल ते कळत नाही. पुढचं उचलताना मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, हँडब्रेक ओढा, गाडी गियरमध्ये ठेवा. घोडीवर टेकली की हातानं हलवून बघा, मगच खाली शिरा. त्या वेळी मुलाला बाहेर बसवा.

टॉर्क रेंच घ्याच. ऑइल चेंबरचे आटे नाजूक असतात, हाताचा अंदाज ट्रॅक्टरवर बसलेला असला की कारचा बोल्ट हमखास जातो. आकडे गाडीच्या पुस्तकातून घ्या. चाकाचे नट समोरासमोर आवळत जा, आणि शेवटचा आवळा चाक जमिनीवर टेकल्यावर.

कॉम्प्रेसर सध्या राहू द्या. कमी व्होल्टेजवर मोटार जळते. गाडीच्या १२ व्होल्टवर चालणारा छोटा पंप आणि एक चांगला गेज बास. हवेचे आकडे ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर मिळतील, गाडी गार असताना मोजा. जुनं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये साठवा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजात द्या. विहीर इतकी जवळ आहे, तर खांबांना फासूसुद्धा नका.

धागाकर्ता

भाऊ, मनापासून आभार. खड्ड्याचा विषय संपला, भावालाही वाचून दाखवलं. गावच्या गिट्टी-मुरूमवाल्याशी उद्याच बोलतो. एकच विचारायचं राहिलं: काँक्रीट किती जाड टाकू, आणि आत जाळी लागेल का?